मुठीतला सांधा

मी एक सांधा बोलतोय. माणसाच्या अंगातला नव्हे, विमानाच्या. आत्ता मी सोयराबाईंच्या उजव्या मुठीत आहे आणि मूठ इतकी आवळलेली आहे की बाहेरचं मला काही दिसत नाही. विमानाचा आवाज मात्र ऐकू येतो. तो लांब जातो, परत येतो, पुन्हा लांब जातो. लांब गेला की मूठ आणखी आवळते. त्या विमानात सोयराबाईंची एकुलती एक मुलगी बसली आहे, एकटी, आणि घरी बांधलेलं ते विमान आज पहिल्यांदाच जमीन सोडून वर गेलंय.

मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून शौर्याची अपेक्षा कुणी करायला नको. मी जन्माचा भित्रा आहे.

दिसायला मी साधा. पोलादाची एक गोळी, ती पितळेच्या वाटीत बसवलेली, वाटीच्या मागे आटे पाडलेला छोटा दांडा. तुमच्या खांद्यात हाड फिरतं तशी माझी गोळी वाटीत फिरते. वैमानिकाच्या दोन पायांमध्ये जी काठी असते, तिच्या बुडाशी माझी नेमणूक झाली. काठी पुढेमागे केली की मी एक लांब दांडी ढकलायची किंवा ओढायची, आणि त्या दांडीनं पार मागे शेपटीचं आडवं पातं वरखाली करायचं. विमानाचं नाक वर जाणार की खाली, ते त्या पात्यावर ठरतं. आता सांगा, असल्या जागी बसवल्यावर कुणाला झोप येईल?

मला बसवलं रघुजींनी. ते सोयराबाईंचे यजमान. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, पण ‘थोडं’चं ‘स्वल्प’ आणि ‘बरं’चं ‘सरी’ उंबऱ्याच्या आतही आलेलं. रघुजींचं आयुष्य लेथवर गेलं आणि निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात तसं ते विमान बांधायला बसले. घर चामराजपेटेतलं, गल्ली अरुंद, खोल्या एकीला एक लागून. सांगाडा पुढच्या खोलीत सुरू झाला आणि पुरा होईपर्यंत त्याचं शेपूट स्वयंपाकघरात जाऊन पोचलं. मधलं दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवावं लागलं. शेपटीच्या पात्याला फोडणीचा वास लागला तो आजही गेलेला नाही. सोयराबाई त्यावर हात पुसायचं फडकं वाळत घालायच्या आणि रघुजी ओरडले की काढून घ्यायच्या.

रघुजींचे दोन शत्रू होते, जडपणा आणि ढिलेपणा. काठी जड चालली तर हाताला विमानाचं म्हणणं कळत नाही. माणूस जोर लावतो आणि मग नको तेवढं होतं. सांधे ढिले असले तर काठी हलते पण पातं हलत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे हात स्थिर असताना वाराच पात्याला हलवतो. वेग वाढला की पातं फडफडायला लागतं. फडफड एकदा सुरू झाली की शेपूट तुटायला पापणी लवण्याइतका वेळ पुरतो.

हे सगळं रघुजींनी एकदा जेवताना अक्षराला समजावून सांगितलं. अक्षरा म्हणजे त्यांची लेक. विमान चालवण्याचा परवाना तिनं आधीच मिळवला होता आणि हे विमान पहिल्यांदा तीच उडवणार, हे घरात कधीच ठरून गेलं होतं. मी तेव्हा रघुजींच्या ताटाशेजारी पडलेलो होतो. अक्षरानं शांतपणे भात संपवला. सोयराबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. माझी झोप उडाली ती त्याच दिवशी.

बरं, या दोन शत्रूंचा स्वभाव असा, की एकाला हाकलावं तर दुसरा आत शिरतो. जडपणा घालवायला सैल करा, ढिलेपणा हजर. ढिलेपणा घालवायला आवळा, जडपणा आलाच. रघुजी कागदासारख्या पातळ चकत्या घासत बसायचे. दांड्या सरळ रेषेत आहेत की नाहीत, ते डोळा बारीक करून बघायचे. बोल्ट बोटानं आत गेला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. हातोडीला हात लावला की समजावं आपलं चुकलं, म्हणायचे.

आणि मग परीक्षा. रघुजी पुढच्या खोलीत काठी धरून बसायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "शेपूट धरलंस?"

"अहो, स्वल्प थांबा. हाताला पीठ आहे."

"धरलंस का?"

"धरलंय."

शेपटीचं पातं सोयराबाईंनी दोन्ही हातांनी गच्च धरायचं, इकडे रघुजींनी काठी हलकेच पुढेमागे करायची. पातं धरलेलं असताना काठी जराही हलली, तर कुठेतरी ढिलेपणा आहे. तो सोयराबाईंच्या तळहातांना आधी कळायचा. "टक झालं हो," त्या म्हणायच्या, आणि रघुजी मुकाट्यानं सगळे सांधे पुन्हा खोलायचे. तव्यावरची पोळी करपायची, पण त्यांच्या हातून शेपूट सुटायचं नाही. दांडीतून त्यांच्या हातांची पकड माझ्यापर्यंत यायची. मला जरा धीर वाटायचा तो तेवढ्याच वेळात.

शेवटी एक दिवस टक वाजेनासं झालं. काठीही हलकी. रघुजींनी त्या दिवशी जिलेबी आणली.

मग पंख सुटे करून सगळं लॉरीत चढवलं आणि हेब्बाळच्या पुलावरून जक्कूरच्या विमानतळावर आणलं. तिथल्या एका शेडमध्ये आमचा मुक्काम पडला. परवानगीची वाट बघण्यात दिवस गेले आणि खंडेनवमी आली.

रघुजींनी बजावून ठेवलं होतं, "हार पुढच्या पंख्याला घाला, कुंकू पंख्याला लावा, आरती करा. आत काही नको." सगळं तसंच झालं. दारात कोहळा फोडला, प्रसाद वाटला, मंडळी बाहेर झाडाखाली जेवायला बसली. सोयराबाई मात्र मागे राहिल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी सीटखालची झडप उघडली. कनवटीला कुलदेवीच्या अंगाऱ्याची पुडी होती. चिमूटभर अंगारा घेऊन त्यांनी माझ्या गोळीभोवती अंगठ्यानं दाबून भरला.

"पोरीचा हात आधी तुझ्या हातात येणार आहे," त्या मला म्हणाल्या. "सांभाळ रे बाबा." आणि त्यांनी मला नमस्कार केला.

मला आजवर कुणी नमस्कार केला नव्हता. मी भारावून गेलो, खोटं कशाला सांगू? वरवर दिसणारी राख त्यांनी पदरानं पुसून टाकली, रघुजींना कळू नये म्हणून. पण आतली आतच राहिली. दुसऱ्या दिवशी काठी हलली आणि माझ्या वाटीत खर्रर झालं. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आधीची सगळी भीती सरावाची होती.

"जड झालीय," रघुजी म्हणाले. "शेडमधली धूळ." त्यांनी झडपेतून पातळ तेल सोडलं आणि अक्षराला सांगितलं, "बस आणि हलवत राहा, मोकळी होईल."

अक्षरा रोज येऊन बसायची. डोळे मिटून मनातल्या मनात उडायची. हात पुढे, मागे, थोडा पुढे. तिचा सराव चालला होता आणि माझी पितळी वाटी झिजत होती. तेलात कालवलेली राख प्रत्येक हालचालीबरोबर वाटी घासत होती. मी ओरडत होतो, पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? शिवाय काठी खरंच मोकळी झाली. इतकी मऊ, इतकी हलकी, की सगळे खूश. त्या मऊपणाचीच मला धडकी भरली होती. जडपणा गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा शत्रू चोरपावलांनी येऊन बसला होता.

उड्डाणाची आधी ठरलेली सकाळ उजाडली. आकाश स्वच्छ, वारा पडलेला. विमानतळावरचे जुने वैमानिक मंजुनाथ आले. ते बेळगावकडचे. त्यांनी काठी दोन बोटांनी फिरवून बघितली.

"काय मऊ चालतीय की ओ, रघुअण्णा! लोणी हाय नुसतं."

रघुजींची छाती फुगली. अक्षरा पट्टे बांधायला लागली. काठीवर तिचा हात होता, हाताखाली मी, आणि माझ्या पोटात ती झिजलेली जागा. मला तिला सांगायचं होतं की उतर, पोरी, उतर. ती गुणगुणत होती.

एवढ्यात शेपटीपाशी पदर खोचून सोयराबाई उभ्या राहिल्या. "मी एकदा धरते."

"आता कशाला?" रघुजी म्हणाले. "नवमीच्या आधी बघितलंय. त्यानंतर एकही सांधा उघडलेला नाही. ऊन चढलं की वारा उठेल, सोयरा."

"माझ्या स्वयंपाकघरात वाढलंय हे शेपूट. एकदा धरू द्या."

त्यांना परीक्षा घ्यायचीच नव्हती. लेकीला घेऊन जाणारी वस्तू त्यांना अजून थोडा वेळ हातात हवी होती, एवढंच. दांडीतून त्यांचे हात मला कळले. थंडगार पडले होते.

"धरू दे की, अप्पा," अक्षरा म्हणाली. "आई, धरलंस?"

"धरलंय."

अक्षरानं काठी हलवली. टक.

"टक झालं हो."

"बांगड्या वाजल्या असतील," रघुजी म्हणाले.

सोयराबाईंनी एकेक बांगडी उतरवून मंजुनाथांच्या हातात दिली आणि रिकाम्या हातांनी पातं पुन्हा धरलं. माझा जीव त्या दोन तळहातांत जाऊन बसला. ऐका, मी म्हणत होतो, एवढं एकदा ऐका.

टक.

रघुजी स्वतः मागे गेले. त्यांनी बायकोच्या हातांशेजारी हात ठेवले. "अक्षू, परत हलव." मग त्यांचा चेहरा उतरला. "उतर खाली," रघुजी एवढंच म्हणाले.

झडप उघडली तर माझ्याभोवती करडं तेल साचलेलं. रघुजींनी बोट फिरवलं. "कुठलातरी धातू घासला जातोय. सगळं विमान उघडावं लागेल."

सोयराबाईंनी त्यांचं बोट धरून नाकाशी नेलं. धुपाचा वास होता. त्या चाकाशेजारी बसल्या.

"अंगारा आहे तो. मी भरला होता. आतलं पितळ आहे ना हो? राखेनं पितळ घासतात... मी जन्मभर देवाची भांडी राखेनं घासली आणि मला कळलं नाही."

रघुजी त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "आधी मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पुसून टाकला असता."

"पुसलाच असता."

"मग? मी भीती कुठं ठेवायची होती?"

रघुजींनी स्वतःच्या हातानं मला काढलं. बाकीचे सगळे सांधे उघडून धुतले, तपासले, आणि माझ्या जागी नवा भाऊ बसवला, रबराची टोपी घातलेला. मला कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले तेव्हा सोयराबाईंनी हात पुढे केला. तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. रिकामा वेळ मिळाला की त्या माझी गोळी वाटीत हलवून बघतात, टक, टक, आणि दर वेळी त्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्याही.

आज पहाटे त्यांनी पुन्हा शेपूट धरलं. बांगड्या आधीच काढून ठेवल्या होत्या. टक झालं नाही. नवा भाऊ चांगला आहे, पण तो किती घाबरतो कुणास ठाऊक. न घाबरणारा सांधा मला बरा वाटत नाही.

थांबा. आवाज जवळ येतोय. आणि बारीक झाला. बारीक का झाला? सोयराबाईंची नखं माझ्या कडेवर रुतताहेत. रघुजींचा आवाज येतो, "काही होत नाही, उतरतेय ती." सकाळपासून ते हेच म्हणताहेत, काही होत नाही. त्यांचं बरं आहे.

चाकं टेकली. एकदा उडाली, परत टेकली. पंखा थांबेपर्यंत सोयराबाईंनी मूठ उघडली नाही. उघडली तेव्हा उजेड एकदम अंगावर आला. त्यांच्या तळहातावर माझा गोल वळ उमटला होता.

"आई!" अक्षरा विमानातूनच ओरडतेय. "फार गोड चालतंय! ये ना, शेपूट धर. अजून एक फेरी मारते."

अजून एक! सोयराबाईंनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि पदर खोचला. शेपटीला दोन्ही हात लागतात. त्यांनी मला रघुजींच्या हातात ठेवलं. "सरी, हे जरा धरा."

रघुजींनी मूठ मिटली. मला वाटलं, आता निवांत. लेथवर आयुष्य काढलेला हात, पोलादासारखा. पण आत अंधार झाला आणि माझी गोळी वाटीत वाजायला लागली. टक. टक. टक टक टक. मी हलवत नव्हतो. त्यांचा हात थरथरत होता. केसाइतका ढिलेपणा ज्यांनी कधी चालवून घेतला नाही, त्यांचा हात.

शेपटीकडून सोयराबाईंचा आवाज आला, "धरलंय!"

रघुजी, तुम्हीही मला जरा घट्ट धरा. मला अजून भीती वाटते.