पोरीच्या अंगाला लागेना

मी संशोधन करते असं सांगितलं की आमच्या नातेवाइकांना वाटतं, मी पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हलवत बसते. प्रत्यक्षात माझं अर्धं संशोधन फोनवर चालतं आणि उरलेलं जीपमध्ये. फार कमी वजनाची बाळं घरच्या माणसानं उघड्या छातीशी धरून ठेवली, अंगाची ऊब दिली, आईच्या दुधाशिवाय दुसरं काही पाजलं नाही, तर ती किती तगतात, हा आमचा विषय. दवाखान्यात ती चांगली तगतात, हे जगाला ठाऊक आहे. पण ज्यांचं घरच दर वर्षी बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जातं, त्यांच्या बाळांचं काय होतं, हे कुणी नीट बघितलं नव्हतं. ते आम्ही बघायला निघालो होतो.

निकिता पाथर्डीकडची. मुलगी तिला दिवस भरायच्या आधीच झाली आणि नगरला दवाखान्यातल्या आमच्या कक्षात आली. ओंजळीत मावेल एवढी होती. रडायची तेसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं, कान देऊन ऐकावं लागे. मी निकिताला आणि तिच्या सासूला, मुक्ताबाईला, छातीशी बाळ कसं बांधायचं यावर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. मुक्ताबाईनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी कोंबडीवानी बसायचं," ती म्हणाली.

"हो, तसंच म्हणा."

तिनं चोळीच्या गाठी सोडल्या, पोर आत घेतली आणि वरून लुगडं असं गुंडाळलं की नुसतं टोपडं दिसत राहिलं. आम्ही त्यासाठी खास शिवून घेतलेलं कापड तिनं घडी करून उशाला ठेवलं.

दोनेक महिन्यांत पोर थोडी सावरली, तोवर ऊसतोडीची टोळी निघायची वेळ झाली. निकिताचा नवरा समर्थ आणि सासरा सहादेव दोघं मिळून ऊस तोडणार, निकिता आणि मुक्ताबाई तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून पोर सांभाळणार, असं त्यांचं ठरलं होतं. जायचं होतं कोपरगावला. आमचे विभागप्रमुख शरच्चंद्र सर तयार नव्हते.

"निवेदिता, उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत पाठवतेस एवढ्याशा जिवाला? ऐन थंडीत?"

"सर, मग आपण हा अभ्यास कुणासाठी करतोय?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, तो तसा लवकर चढतो. "मी जबाबदारी घेते."

बोलून बसले. त्या दिवसापासून ती पोर माझ्या मानगुटीवर बसली.

दर सोमवारी मी फोन करायचा असं ठरलं होतं. त्यांच्या घरात मोबाईल एकच आणि तोही कानाला लावून ऐकू न येणारा. स्पीकर तेवढा चालायचा. फोन मुक्ताबाईच्या ताब्यात असे.

पहिल्या सोमवारी विचारलं, "मावशी, बाळ कसं आहे?"

"हाय कशीबशी."

"दूध ओढते का?"

"वडती थोडं. पर अंगाला लागत न्हाई."

मागून कुणाचं तरी पोर जोरजोरात रडत होतं. मी विचारलं, "ते कोण रडतंय?"

"शेजारचं हाय."

दुसऱ्या सोमवारी, "काय सांगू बाई, दिसंदीस वाळतीय." मी निकिताला फोन द्यायला सांगितलं, तर ती पाण्याला गेली होती. शेजारचं पोर याही वेळी टाहो फोडत होतं. असं खणखणीत रडणारं बाळ आपलं असावं, असं मला फार वाटलं.

तिसऱ्या सोमवारी मुक्ताबाईनं आवाज अगदी रडवेला केला. "निस्तं कातडं ऱ्हायलंय वो. देवाच्या मनात काय हाय, कुनाला ठावं!"

मी झोळीचा वजनकाटा उचलला, औषधांची पेटी घेतली आणि गोरक्षनाथला जीप काढायला सांगितलं. गोरक्षनाथ आमचा ड्रायव्हर. माझा चेहरा बघून त्यानं लगेच चावी फिरवली. नगर-मनमाड रस्त्यावर हाडं खिळखिळी होतात, पण त्या दिवशी मला एक खड्डा आठवत नाही. पोर हाताला गार लागेल का, मान टाकली असेल का, हेच डोक्यात. दवाखान्यात ठेवून घेतली असती तर? फुशारकी मारून पाठवली, आता भोग. मी कुणापुढं फारशी हात जोडणारी बाई नाही, पण शिर्डी आली तेव्हा मी खिडकीतून हळूच हात जोडले. गोरक्षनाथनं ते आरशात पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर लावली.

शेताच्या कडेनं कोप्यांची रांग होती. बाप्ये फडात गेलेले, म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या तेवढ्या मागं. मी जीपमधून उतरले ती पळतच. सगळ्या बायका उठून बघायला लागल्या.

कोपीत निकिता भाकरी थापत होती. मुक्ताबाई भिंतीला टेकून बसली होती आणि लुगड्यातून एक टोपडं बाहेर आलं होतं. ते टोपडं हलत होतं! मी तिच्या पुढ्यात बसले.

"दाखवा आधी मला."

मुक्ताबाईनं दाराकडं बघितलं. उठली, दारावरचं गोणपाट खाली सोडलं, फट राहिली होती तिथं विळा अडकवला, आणि मग सावकाश लुगडं सोडलं.

आधी एक पाय बाहेर आला. मांडीला वळ्या होत्या, चांगल्या दोन बोटं रुतावीत अशा. मग गरगरीत पोट, मग दुहेरी हनुवटी. ऊब गेल्याचा राग येऊन पोरीनं असा सूर लावला की मी तो तत्काळ ओळखला. शेजारचं पोर हेच!

झोळी अडकवली, पोर आत ठेवली. काट्यावर मी विश्वास ठेवला नाही. झोळी उतरवून काटा शून्यावर आणला आणि परत वजन केलं. तेच! आमच्या तक्त्यावर अपेक्षित वजनाची ठळक रेघ असते तिच्याही वर गेली होती बया. मी आनंदानं ओरडायला तोंड उघडलं, तोच मुक्ताबाईचा तळवा माझ्या तोंडावर बसला.

"बोंबलू नगा!"

मी तिचा हात काढला. आता मात्र माझा पारा चढला. "मावशी, तीन आठवडे मला खोटं सांगताय? इथं येईपर्यंत माझा जीव अर्धा झाला!"

"तुमाला कुटं सांगितलं?" ती कुजबुजली. "फोन मोठ्यानं बोलतोय. तुमी इचारलं का समदी टोळी कान टवकारून ऐकती. अशात काय सांगायचं, पोर गुटगुटीत हाय म्हनून? एका रातीत नजर लागंल."

मागं निकिता हसू दाबत होती. "परवा ह्यांच्या तोंडून निगालं, पोरगी बाळसं धरतीय. तर आत्याबाईनी त्यांना जेवाया वाढलं न्हाई."

मी पुढं काहीतरी शास्त्रीय बोलणार होते. नजर वगैरे काही नसतं, अशी सुरुवात तोंडावर आलीसुद्धा होती. पण मुक्ताबाई पोरीला पुन्हा छातीशी घेत, तिच्याकडंच बघत म्हणाली, "समर्थच्या आदी मला एक झालं हुतं. असंच फडावर. लई देखनं. येनारी-जानारी समदी वाखानायची, आन मीबी मिरवायचे. थंडीत गेलं."

ते कशानं गेलं असेल, याचा मला अंदाज होता. तिलाही बहुधा आता होता, कारण पोरीचे पाय तिनं आधी झाकले. ऊब द्यायचं तिनं माझ्याकडून घेतलं होतं आणि गप्प बसायचं स्वतःचं ठेवलं होतं. दोन्हींतलं एकही ती सोडणार नव्हती. आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली माझी आई, मी वर्गात पहिली आले की शेजारणींना सांगायची, "झाली बाई कशीबशी पास."

मला रडूच आलं. पोर जिवंत होती, गरम होती, आणि माझं बोट धरून ओढत होती. मी तिच्या टाळूचा वास घेतला. दूध आणि धुराचा होता.

सोमवारचा फोन मी बंद करायचा, आणि दर आठवड्याला जवळच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर येऊन गोणपाटाआड वजन करील, असं आम्ही ठरवलं. मग मी डोळे पुसून बाहेर आले.

बाहेर सगळ्या बायका जमल्या होत्या. पुढची म्हातारी म्हणाली, "बाई, काय म्हनती वो पोर?"

माझी सगळी नोकरी खरं ते जसंच्या तसं लिहिण्यावर चालते. मी मागं पाहिलं. गोणपाटाच्या फटीत मुक्ताबाईचा एक डोळा माझ्यावर होता.

मी मान हलवली. "काही सांगण्यासारखं नाही, आजी. अंगाला लागेना काही."

मग म्हातारीचं बोळकं उघडलं, आणि बघता बघता सगळी रांग हसायला लागली. कडेवर भोपळ्याएवढा मुलगा घेतलेली एक बाई पुढं झाली. त्याच्या दोन्ही गालांत भाकरी कोंबलेली होती.

"आमचं बी तसंच बगा," ती लाडानं म्हणाली. "कायबी खात न्हाई."

जीपमध्ये बसताच मी सरांना फोन लावला. "सर! पोरगी अशी धष्टपुष्ट झालीय, वजन तर..."

"म्याडम, हळू," गोरक्षनाथ दबक्या आवाजात म्हणाला. "काच खाली हाय."

मी काच वर केली आणि मगच आकडा सांगितला. सर बराच वेळ हसत होते.

पुढच्या सोमवारी मी ठरल्याप्रमाणं फोन केला नाही. तिकडूनच आला. मागं तेच खणखणीत रडणं, आणि त्याच्यावर आवाज चढवून, सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं मुक्ताबाई बोलत होती.

"काय सांगू बाई, इतकी वाळलीय, इतकी वाळलीय, का माझ्यानं आता उचलंना झालीय!"