खेमराजचा सायलेन्सर

नागझिरा अभयारण्याच्या गेटवर अल्का गाइड होती. सकाळी पर्यटक जिप्सीत बसले की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आत गेल्यावर हळू बोला, मोबाइलचा आवाज बंद ठेवा." आणि नेमकी त्याच वेळी तिला सोडायला आलेली तिच्या नवऱ्याची गाडी परत फिरायची. सायलेन्सर मधोमध सडून फाटलेला. मळणीयंत्र सुरू केल्यासारखा आवाज सगळ्या गेटभर घुमायचा. पर्यटक एकमेकांकडे बघून हसायचे, आणि अल्काला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटायचं.

सायलेन्सर फाटल्याच्या तिसऱ्या दिवशी गेटवरच्या साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "अल्काताई, गाडी उद्यापासून पुलाच्या पलीकडेच थांबवायला सांगा. तुम्हीच शांत राहायला सांगता आणि तुमच्याच घरची गाडी सांबरं पळवते."

घरी पाय ठेवताच ती खेमराजला म्हणाली, "अजी, आयकून राहिले का? गाडी आजच्या आज छोटेलालच्या दुकानात नेऊन टाका."

छोटेलालचं गॅरेज सडक अर्जुनीला, महामार्गाच्या कडेला होतं. खेमराज गेला आणि तासाभरात तसाच गडगडत परत आला.

"काय म्हनला छोटेलाल?"

"साडेचार हजार म्हनते. बावीसशेचा पाईप, आन् बाकीचे कायचे? तीन नट खोलाचे, तीन नट कसाचे. एवढ्यासाठी त्याले कायले पैसे देऊ? मी घरीच बसवतो."

"तुमच्याजवळ काय गॅरेज आहे का घरी?"

"एकवीस वर्सं मशिनी खोलल्या मी. एक पाईप नाइ बसवता येत का मले?"

इथे अल्का गप्प बसली. खेमराज गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये फिटर होता. दोन वर्षांपूर्वी मिल बंद पडली, तेव्हापासून दीड एकर धान आणि बायकोला गेटवर सोडणं, एवढंच त्याच्या हाताला काम उरलं होतं. पान्यांची पेटी मात्र तो दर आठवड्याला तेल लावून पुसत असे. त्याला नाही कसं म्हणायचं?

पण पुढच्या चार दिवसांत तिला आपल्या गप्प बसण्याचा पश्चात्ताप झाला.

सोमवारी तो गोंदियाला जाऊन सायलेन्सर घेऊन आला. तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, वीतभर लांब. मंगळवारी बदलून आणायला पुन्हा गोंदिया. बुधवारी तो गाडीखाली शिरला, तर तीनपैकी दोन नट गंजून इंजिनाशी एकजीव झालेले. त्याने त्यांच्यावर डिझेल ओतलं आणि म्हणाला, "पायजो तू, उद्या लोण्यासारखे सुटतात." अंगणभर डिझेलचा वास. गुरुवारी त्याने हातोडी घेतली. सकाळी चुलीशी बसलेल्या अल्काला प्रत्येक घाव आपल्याच डोक्यावर पडल्यासारखा वाटत होता. तिचं पोह्यांचं ताट त्याने नट ठेवायला नेलं होतं, आणि भांडी उतरवायचं फडकं इतकं काळंकुट्ट झालं होतं की ते आता चुलीतच घालावं लागणार होतं.

या चार दिवसांत ती गेटवर कधी दूधवाल्याच्या मोटरसायकलवर गेली, कधी दीड कोस पायी. एक दिवस उशीर झाला, तर जिप्सीबरोबर जायची तिची पाळी दुसऱ्या गाइडला मिळाली.

गुरुवारी संध्याकाळी त्याने पान्याला लांब पाईप अडकवून सगळ्या अंगाचा जोर लावला. कट्कन आवाज झाला.

"सुटला!" तो ओरडला.

नट सुटला नव्हता. ज्या दांड्यावर तो बसतो तो दांडाच तुटून अर्धा इंजिनात राहिला होता. खेमराजने हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"आता?" अल्काने विचारलं.

"ड्रिल मारून काढतो."

"अजी, हात जोडते. छोटेलालले फोन करा."

"तू जा न् वो. डोकं नको खाऊ."

शुक्रवारी दुपारी ती गेटवरून चालत, घामाने निथळत घरी आली. अंगणात गाडी एका बाजूने उचललेली, आणि तिच्याखालून खेमराजचे फक्त दोन पाय बाहेर. गाडी एकट्या जॅकवर उभी. जॅक भुसभुशीत मातीत किंचित कलला होता.

"बाहेर निघा आधी."

"दोन मिनटं."

"जॅकचा काय भरोसा? ती स्टेपनी तरी खाली सारा."

"काही होत नाइ. मिलमध्ये याहून वजनी मशिनी उचलल्या मी."

अल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिलमध्ये, मिलमध्ये! तिने पर्स खाटेवर फेकली, भिंतीला टेकवलेली स्टेपनी गडगडत आणली आणि आडवी करून स्वतःच पायाने गाडीखाली ढकलली. "मरा आता खुशाल," असं पुटपुटत ती हात धुवायला हापशीकडे वळली.

तिने दांडा दोनदाही हापसला नसेल, तोच मागे धप्पकन आवाज झाला.

"खेमराज!"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती.

जॅक आडवा पडला होता आणि गाडी स्टेपनीवर टेकली होती. अल्का मातीत गुडघ्यावर बसून खाली वाकली. त्याची छाती आणि वरचं लोखंड यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

"आहो मी, आहो," आतून बारीक आवाज आला. "जिता आहो मी. बाही अडकली."

शेजारचा उदाराम आरडाओरडा ऐकून ट्रॅक्टरचा मोठा जॅक घेऊन धावला. गाडी उचलली, बाही फाडली आणि खेमराजला पायांना धरून ओढून काढलं. कोपराला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तोंडाला मात्र रंग नव्हता. अल्काने त्याला पाणी दिलं आणि छोटेलालला फोन लावला.

उदारामने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत नेली. स्टिअरिंगवर खेमराज मान खाली घालून बसला होता, शेजारी अल्का समोर बघत. रस्त्यात जो भेटेल तो विचारी, "काय झालं जी?" आणि उदाराम ट्रॅक्टरवरून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगे.

छोटेलालने खाली वाकून पाहिलं. "अरे भैया, दो घंटे का काम था. आता दांडा काढाले अर्धा दिवस गेला समजा." त्याने गाडी वर चढवली. गॅसची ज्योत लावून दुसरा नट तांबडालाल केला आणि तो खरंच लोण्यासारखा फिरवून काढला. तुटलेल्या दांड्यावर नवा नट वेल्डिंगने चिकटवून हळूहळू तो बाहेर आणला. खेमराज दोन पावलं लांब उभा राहून बघत होता, आधी नाइलाजाने, मग मन लावून. नवा सायलेन्सर टांगताना छोटेलाल अडला. सोबत आलेलं रबर ढिलं पडत होतं. खेमराजने गाडीत ठेवलेल्या पान्यांच्या पेटीतून मिलच्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा काढला, सुरीने कापला, दोन भोकं पाडली आणि पुढे केला. छोटेलालने तो लावून सायलेन्सर हलवून पाहिला. तो जागचा हलेना.

"ये बढिया है," तो म्हणाला. "आनखी आहेत का असे?"

"आहेत घरी," खेमराज म्हणाला.

पाईप धरून खर्च साडेचार हजारांच्या वर गेला. छोटेलालचे पैसे अल्काने मोजून दिले.

परतताना गाडी इतकी शांत होती की खिडकीतला वारा ऐकू येत होता. आणि मग अल्का सुरू झाली. डिझेल, ताट, फडकं, गेलेली पाळी, दूधवाल्याची मोटरसायकल, काही सुटलं नाही. "आन् ती स्टेपनी मी सारली नसती तं? आज मी कोनाच्या नावानं रडत बसली असती?"

बरंच पुढे गेल्यावर खेमराज म्हणाला, "मले वाटलं, एवढं तरी येते मले."

"येते न! नाइ येत असं कोन म्हनलं? पन येते म्हनून जॅकखाली मान द्याची का?"

फाट्यावर चहाची टपरी दिसली तसा खेमराजने वेग कमी केला. "चहा घेतेस?"

"नाइ." गाडी टपरीच्या पुढे निघाली तशी ती म्हणाली, "थांबवा."

बाकावर बसल्यावर त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, तरी चहा काठावरून सांडत होता. अल्काने ते पाहिलं. अजून बरंच बोलायचं राहिलं होतं, पण ते तिने घरी गेल्यावर बोलायचं ठरवलं, आणि पदराने त्याच्या मनगटावरचा चहा पुसला.