ओली की कोरडी, मला विचारा

मी निळी बाटली बोलतेय. ज्या दिवशी मी परीक्षेत पास झाले, त्याच दिवशी माझा मालक गेल्याची बातमी आली.

दिवस अगदी साधा होता. दर पाच वर्षांनी माझी दाबाची तपासणी होते. मला पाण्याने भरतात, पाण्याच्याच टाकीत बुडवतात आणि आतून जबर दाब देऊन पाहतात, की मी किती फुगते आणि दाब काढल्यावर मूळ मापावर येते की नाही. मी आले. येणारच होते. तपासनिसाने माझ्या खांद्यावर नवी तारीख ठोकली आणि मालकाला फोन लावला. "तुमची बाटली ठणठणीत आहे, घेऊन जा." पलीकडून कोणीतरी काहीतरी सांगितलं. तपासनीस खुर्चीतून उठून उभा राहिला. "आज सकाळी? बरं. नाही, नाही, घाई नाही. ठेवतो मी."

मग त्याने मला फडक्याने पुसलं. एरवी तो पुसत नाही.

चार दिवसांनी मला न्यायला मालकाची धाकटी बहीण आली. तो तिचा दादा, आणि ती सगळ्या गॅरेजची ताई. तिने मला कडेवर घेतलं, तपासणीचा दाखला खिशात घातला आणि मला गाडीत ठेवलं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी ॲल्युमिनियमच्या एका जाड चकतीतून दाबून काढलेली. पोटात नायट्रस ऑक्साइड, दाबाने द्रव झालेला. लोकांना वाटतं मी पेट घेते. मी जळत नाही, जळणाऱ्याला प्राणवायू पुरवते. जास्त प्राणवायू मिळाला की इंजिन जास्त पेट्रोल जाळतं, आणि शर्यतीच्या सरळ पट्टीवर गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी सुटते. माझ्या पहिल्या मालकाने मला डिकीत नुसतं मिरवायला ठेवलं होतं. दोन वर्षं रिकामी! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा आणि वर आवाज कमी करून सांगायचा, "सांभाळून, भरलेली आहे." माणसांचं हे मला कधी कळलं नाही.

दादाने मला खरं काम द्यायचं ठरवलं. पण कसं द्यायचं, यावर भावाबहिणीचं वर्षभर जमेना. इंजिनाला वाढीव पेट्रोल लागणार, ते आणायचं कुठून? ओल्या जोडणीत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वेट, माझ्या वायूबरोबर पेट्रोलही त्याच तोटीतून फवारलं जातं. कोरडीत, म्हणजे ड्रायमध्ये, मी एकटीच जाते आणि वाढीव पेट्रोल गाडीच्या स्वतःच्या, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांनी द्यायचं. चुकलं, तर वायू पोचतो, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळतो. त्यांच्याकडे इंजिन एकच होतं, दोघांनी दोन वर्षं खपून बांधलेलं.

दादा ओलीचा. "पाहुण्याने शिधा बरोबर घेऊन यावं. घरच्या डब्यात हात घालू नये."

"आणि तो शिधा तुझा पाहुणा उंबरठ्यावरच सांडतो, त्याचं काय?"

"सांडत नाही. आणि तुझे इंजेक्टर पुरणार आहेत का?"

"पुरतील."

"मोजलंस?"

"पुरतील म्हटलं ना, दादा!"

"म्हटल्याने इंजिन चालत नसतं, लॅपटॉपबाई."

यावर ती लॅपटॉप धाडकन मिटायची आणि तो हसत हसत हात धुवायला जायचा.

मी परत आले तेव्हा शर्यतीला तीन आठवडे होते. बाकावर दादाने ओल्या जोडणीचं सगळं सामान ओळीने मांडून ठेवलेलं. पेट्रोलची नळीसुद्धा मापाने कापलेली. शेजारचे पेंटरकाका म्हणाले, "ताई, ओलीच लाव. त्याची शेवटची इच्छा समज."

"इंजिनाला इच्छा कळत नाही, काका. त्याला पेट्रोल कळतं."

तिने मॅनिफोल्ड उतरवलं. इंजिनाच्या चार सिलिंडरांना हवा वाटणारी ही चार फाट्यांची नळी. ती तिने टेबलावर उलटी बांधली, चारही फाट्यांखाली एकेक काचेचा पेला ठेवला. पेंटरकाकांकडून चमचाभर लाल रंग मागून पाण्यात कालवला आणि दादाच्याच तोटीतून, कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर, तो फवारला. वायू हवेबरोबर वळतो. थेंब जड, ते वळणावर भिंतीला चिकटतात. पहिले दोन पेले अर्धे भरले, तिसऱ्यात दोन बोटं, चौथ्याचा नुसता तळ लाल झाला.

"म्हणजे दादा हरला," काका हळूच म्हणाले.

तिने मॅनिफोल्ड पुसून परत बसवलं, गाडी जागच्या जागी चाकं फिरवणाऱ्या रोलरवर बांधली, लॅपटॉप जोडला आणि मला बंदच ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. एकदा. मग पुन्हा एकदा. इंजेक्टर आधीच शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग वेळ उघडे होते. मला पुरेल एवढं त्यांच्याकडे उरलेलंच नव्हतं. तिने इंजिन बंद केलं.

बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "मीपण हरले, काका."

मोठे इंजेक्टर आले. जोडणी कोरडीच ठरली, पण सावधगिरी म्हणून माझी तोटी तिने एक माप बारीक केली. शर्यतीच्या दिवशी गाडी तीच चालवत होती. तिने कळ दाबली आणि मी पोटातलं सगळं बळ नळीत लोटलं. आपल्या तोंडाने सांगू नये, पण त्या दिवशी माझ्याइतकं चोख काम कोणी केलं नाही. नंतर तिने चारही प्लग काढून भिंगाखाली धरले. चारही एका रंगाचे, म्हणजे चारही सिलिंडरांना पेट्रोल सारखं पोचलं होतं. पेंटरकाकांनी टोपी हवेत फेकली, ती कुंपणापलीकडे गेली आणि आणायला गेले ते तिकडेच डोळे पुसत उभे राहिले.

आता मी फळीवर आहे. अर्धी भरलेली, तोंड घट्ट मिटून. नव्या गाड्यांचे मालक येतात आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, ओली बरी की कोरडी? मला विचाराल, तर दोन्ही बऱ्या. मी दोन्हीकडे सारखीच धावेन. पण आधी तुमच्या मॅनिफोल्डला विचारा, इंजेक्टरांना विचारा आणि मोजल्याशिवाय 'पुरतील' म्हणू नका.

ताईने मोजलं. इंजेक्टर पुरत नव्हते, हे दादाला सांगायचं राहून गेलं.