बगळ्यांची टोपी

मी टोपी आहे आणि आज मला बोलायचंय. एरवी माझ्याबद्दल दुसरेच बोलतात. पोर्ट डॅलनच्या बेसबॉल मैदानात, तिकीट खिडकीच्या मागच्या दालनात, मला काचेच्या पेटीत ठेवलंय. खाली कार्ड आहे: ‘बगळ्यांची नशीबवान टोपी’. लोक येतात, काचेला नाक लावतात, फोटो काढतात. नशीबवान म्हणे. ज्या दोन डोक्यांवर मी बसले त्यांचं काय झालं, ते कार्डावर कोणी लिहिलेलं नाही.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. हिरव्या कापडाचे सहा तुकडे, पुढे एक चोच आणि कपाळावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला, एका पायावर उभा बगळा. ज्याने ते चित्र काढलं त्याला आमच्या ‘बगळे’ संघाची बरोबर पारख होती. मी जन्मले तेव्हा बगळ्यांना करंडक मिळून अडतीस वर्षं झाली होती. दुसरा पाय काही टेकत नव्हता.

मला विकत घेतलं मिलान हुदेकने. गोदीवर क्रेन चालवायचा. रुंद कपाळाचा, हळू बोलणारा माणूस. एप्रिलातला पहिला सामना होता. सरोवरावरून असा गार वारा सुटला होता की लोक बिअरऐवजी सूप पीत होते. मिलानने मला डोक्यावर चढवलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, “हे वर्ष आपलं.” शेजारी म्हणाला, “गेल्या वर्षीही तू हेच बरळला होतास.” तो लॉइड पर्विस. नळदुरुस्ती करायचा. मिलानची खुर्ची अकरा नंबरची, लॉइडची बारा. दोघे तिथे एकोणीस वर्षं शेजारी बसत होते.

ही माणसं कशी असतात ते सांगते. जिंकणाऱ्या संघाचे चाहते वेगळे, ते आनंदात असतात. हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांना नियम असतात. मैदानात शिरताना डावा पाय आधी. राष्ट्रगीत संपेपर्यंत शेंगदाण्याची पिशवी फोडायची नाही. संघ मागे पडला की शेवटच्या डावांत टोप्या उलट्या करून, आतली बाजू बाहेर काढून घालायच्या, म्हणजे नशीबही उलटतं. माझ्या आतल्या शिवणी आणि घामाने पिवळी पडलेली पट्टी मी किती वेळा हजारो लोकांना दाखवली असेल. नशीब काही उलटलं नाही. तरी पुढच्या सामन्याला मी परत उलटी.

आणि मला धुवायचं नाही. जिंकत असतील तर नाहीच, कारण नशीब धुऊन जाईल. हरत असतील तरी नाही, कारण आता ते फिरायच्या बेतात असेल. लॉइडला विचारलं तर तो हे असं सांगायचा की डॉक्टरही मान डोलावेल.

मिलानची बायको वेरा. तिला हे नियम ठाऊक होते आणि एकही मान्य नव्हता. एका मंगळवारी तिने मला खुंटीवरून काढलं, नाक मुरडलं आणि भांडी धुवायच्या मशीनमध्ये, वरच्या जाळीत, कपबशांच्या शेजारी ठेवून दिलं. खरं सांगते, आयुष्यात तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही. लिंबाच्या वासाची मी बाहेर आले. मिलान कामावरून आला, मला बघितलं आणि खुर्चीवर बसला.

“वेरा, काय केलंस हे?”

“धुतली. तिच्यातून सूप निघालं असतं.”

त्यानंतर बगळे सलग अकरा सामने हरले. ते आधीही हरत होते, पण आता हरायला कारण सापडलं. लॉइडने जाहीर केलं की वेरा पनवती आहे, तिने मैदानात पाऊल ठेवायचं नाही. सगळे हसले. वेराही हसली. “बरं झालं, सुटले,” म्हणाली. पण तेव्हापासून ती खरंच सामन्याला यायची बंद झाली. गंमत गंमत म्हणता तो नियम झाला. त्या दिवशी वेरा मिलानच्या शेजारी असती तर मी आज काचेत नसते.

तो सप्टेंबरातला रविवार होता, दुपारचा सामना. बगळ्यांचा पिचर भन्नाट चेंडू टाकत होता. नऊ डाव असतात, प्रत्येक डावात समोरचे तीन गडी बाद करायचे, म्हणजे सत्तावीस. सहावा डाव संपला तरी समोरच्या एकालाही धड फटका मारता आला नव्हता. पूर्ण सामना असा गेला तर लोक नातवंडांना सांगतात. आमच्या मैदानावर तसं कधी झालं नव्हतं.

आता सगळ्यांत मोठा नियम. असं काही चालू असताना ते तोंडातून काढायचं नाही. एकाने जरी म्हटलं की अजून फटका बसला नाही, तर पुढच्याच चेंडूला बसतो. शिवाय जो जिथे जसा आहे, त्याने तसंच राहायचं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने हॉटडॉग तोंडाजवळ नेला होता. तो त्याने सहाव्या डावापासून तसाच धरला होता आणि मोहरीची चटणी कोपरावरून ओघळत होती. सात हजार माणसं बसलेली आणि मैदानात खोकल्याचासुद्धा आवाज नाही.

आठव्या डावात मिलानला घाम आला. घाम मी जन्मभर प्यायलेय. उन्हाचा कोणता, काळजीचा कोणता, हरण्याचा कोणता, मला कळतो. हा थंड होता. पट्टीला लागला आणि मी घाबरले.

“लॉइड,” मिलान हळूच म्हणाला, “मला जरा बरं वाटत नाहीये.”

“कोणालाच वाटत नाहीये. गप.”

“तसं नाही रे. हात जड झालाय. जरा बाहेर जाऊन येतो.”

तो अर्धा उठला होता. लॉइडने मैदानावरची नजर न काढता त्याची बाही धरली. “बस. हलू नकोस. पाचच गडी राहिलेत.”

मिलान बसला. कोणी त्याला दाबून बसवलं नाही, हे मला सांगायलाच हवं. तोही त्याच नियमांचा माणूस. पण त्याला उठायचं होतं. मी त्याच्या डोक्यावर होते, मला ठाऊक आहे.

पाच गडी बाद व्हायला अर्धा तास लागला. मध्ये आमच्यांची बॅटिंग झाली, तीही निवांत. सत्ताविसावा गडी बाद झाला आणि सगळं मैदान उभं राहिलं. माणसं रडत होती, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होती. चटणीवाल्याने एकदाचा हॉटडॉग खाल्ला. लॉइड खुर्चीवर चढून नाचला. मग त्याने मिलानच्या पाठीत थाप मारली, मी खाली शेंगदाण्याच्या टरफलांत पडले, आणि तिथून मला मिलानचा चेहरा दिसला.

अॅम्ब्युलन्स आली. बाहेर लोक आनंदाने गाड्यांचे भोंगे वाजवत रस्ता अडवून उभे होते. त्यांना वाटलं, हाही भोंगा त्यातलाच.

दफनाच्या दिवशी वेराने लॉइडला विचारलं, “तो शेवटी काय म्हणाला?”

लॉइडने माझ्याकडे बघितलं. मी शवपेटीवर ठेवलेली होते. मग तो म्हणाला, “मी त्याला म्हटलं, चल मिलान, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, सामना संपल्याशिवाय मी हलणार नाही.”

मला तोंड नाही. असतं तर त्या क्षणी मी चावले असते.

वेराचा चेहरा दगडासारखा झाला. तिने मला उचललं आणि लॉइडच्या हातात कोंबलं. “घेऊन जा ही. त्याला माझ्यापेक्षा बगळे जवळचे होते ना, मग ही माझ्या घरात नको.”

पेपरात मोठी बातमी आली. संघाने अकरा नंबरच्या खुर्चीवर पितळी पाटी बसवली: ‘मिलान हुदेक. शेवटपर्यंत बसून राहिला.’ दरवर्षी त्या तारखेला सामन्याआधी लॉइडच्या हातात माइक द्यायचे आणि तो मला डोक्यावर घालून गोष्ट सांगायचा. पहिल्या वर्षी अडखळत सांगितली. तिसऱ्या वर्षी मिलानच्या तोंडी विनोद आला. सहाव्या वर्षी लॉइडला स्वतःलाच ती खरी वाटू लागली असावी, कारण सांगताना त्याच्या कपाळाला घाम येईनासा झाला. लोक टाळ्या वाजवायचे. याला म्हणतात चाहता, म्हणायचे.

दहाव्या वर्षी संघाने वेराला पत्र पाठवलं आणि ती आली. गुडघा दुखत होता, पायऱ्या एकेक करत उतरली. पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि पाटीला टेकून बसली. अकरा नंबर ती, बारा नंबर लॉइड, आणि मी त्याच्या डोक्यावर. लॉइडने माइकवर गोष्ट सांगितली. ती समोर बघत राहिली.

“पनवती आत आली म्हणायची,” लॉइड बसता बसता म्हणाला. त्याला हसवायचं होतं.

“बघू आज किती हरता,” वेरा म्हणाली.

हरले नाहीत. नवा पोरसवदा पिचर होता, आणि सहावा डाव संपला तरी समोरच्यांना एक फटका मारता आला नव्हता. पुन्हा ती शांतता पसरली. दहा वर्षांनी तीच.

सातव्या डावात दोन गडी बाद झाले. वेराचा पाय आखडला. ती खुर्चीच्या दांडीला धरून उठू लागली. लॉइडने मैदानावरची नजर न काढता तिची बाही धरली.

“बस. हलू नकोस. सातच गडी राहिलेत.”

वेरा अर्धी उठलेली तशीच थांबली. तिने बाहीवरच्या हाताकडे बघितलं.

“मिलानलाही हेच म्हणाला होतास?”

लॉइडच्या कपाळाला घाम फुटला. इतक्या वर्षांनी.

“नंतर बोलू, वेरा.”

“आता.”

“सामना संपू दे, मग सगळं सांगतो.”

“दहा वर्षं मी त्या माणसावर रागावलेय लॉइड,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “दहा वर्षांत त्याच्या थडग्यावर एक फूल ठेवलं नाही. मला वाटायचं, त्याला घरी यायचंच नव्हतं. एवढंच सांग. त्याला उठायचं होतं का?”

लॉइडचं डोकं खाली गेलं आणि माझी चोच खाली झुकली. आयुष्यात एवढं एकच खरं मी बोललेय, तेही दुसऱ्याच्या मानेने.

“बाई, खाली बसा हो,” मागून कोणीतरी कुजबुजलं.

वेरा बसली नाही. ती पायऱ्यांपर्यंत गेली, वळली आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आज अजून एकालाही फटका मारता आलेला नाही.”

लोक हादरले. कोणी शिव्या घातल्या, कोणी कागदी पेला फेकला. वेरा दांडीला धरून एकेक पायरी चढत होती. लॉइडने पाय जमिनीला रेटले, तो उठणार असं मला वाटलं. खरंच वाटलं. मग मागचा माणूस म्हणाला, “लॉइड, तू तरी हलू नकोस रे बाबा.”

आणि तो बसला. वेरा पायऱ्या चढून दिसेनाशी झाली तरी तो बसून राहिला.

पुढे काय झालं माहीत आहे? काही नाही. तिने ते मोठ्याने म्हटलं होतं, शेकडो लोकांनी ऐकलं होतं, आणि तरीही सत्तावीसचे सत्तावीस गडी बाद झाले, एकही फटका न बसता. म्हणजे मिलान उठला असता, बाहेर गेला असता, डॉक्टरकडे पोचला असता, तरी काही बिघडलं नसतं. लॉइडला हे कळलं. लोक नाचत होते आणि तो खुर्चीत बसून मला दोन्ही हातांनी डोक्यावर दाबत होता.

लोकांना मात्र दुसरंच कळलं. टोपीने वाचवलं, म्हणाले. बाईची पनवती टोपीने परतवली. आठवड्याभरात लॉइडने मला संघाकडे देऊन टाकलं. तो अजून येतो, बारा नंबरवर बसतो, बोडक्या डोक्याने. माइक हातात घेत नाही. खरं काय तेही कोणाला सांगत नाही. माझ्या पेटीसमोरून जाताना दुसरीकडे बघतो.

मला उजेड नको, कार्ड नको. मिलानचा तो थंड घाम अजून माझ्या पट्टीत आहे आणि त्यावर लॉइडचा खोटेपणा दहा वर्षांचा. तुमच्यापैकी कोणाची इथे ओळख असेल तर एवढं करा. काच उघडायला लावा आणि मला वेराकडे पोचवा. तिला मला धुता येतं.