फौजीच्या खांद्यावरची शाल

मी एक जुनी शाल आहे. वयाने म्हणाल तर मला अजून दोन वर्षेही झालेली नाहीत. माझ्याबरोबरच्या शाली कुणाकुणाच्या ट्रंकेत घडी न मोडता पडून आहेत, आणि मी मात्र चिंध्या व्हायच्या बेताला आले आहे. माणसांसारखेच आहे आमचे. काहीजण वर्षांनी म्हातारे होतात, काहीजण बघितलेल्या गोष्टींनी.

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी ऊब देणारी शाल नव्हे. लांब उत्तरेकडच्या एका गिरणीत मला विणले. लाल अंग, पिवळी जरीची किनार, आणि लोकरीचा म्हणाल तर एक धागा नाही. तिथून गाठोड्यात बांधून मला नगरच्या कापड बाजारात आणले. दुकानातले शेठजी मला उलगडून दाखवताना म्हणत, "ही पांघरायची नाही, ही खांद्यावर घालायची. सत्काराची आहे." मला त्याचा कोण गर्व! खालच्या फळीवर घोंगड्या असत. त्यांना मेंढरांचा वास यायचा. मी वरून त्यांच्याकडे बघून नाक मुरडत असे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असे मला तेव्हाच कुणीतरी ऐकवायला हवे होते.

ते १९७२ साल होते. पाऊस पडलाच नव्हता. दिवाळी तोंडावर आली तरी बाजारात गिऱ्हाईक नव्हते. अशा दिवसांत पाथर्डीच्या बाजूच्या बोरमाळ गावाहून दोन माणसे दुकानात आली. एक सरपंच आबासाहेब आणि दुसरा रंगनाथ मुकादम. गावाजवळ सरकारने दुष्काळी काम काढले होते, रस्त्यासाठी खडी फोडायचे. त्या कामावरची हजेरी रंगनाथ घेत असे. आबासाहेब म्हणाले, "शेठ, दुकानातली एक नंबर शाल काढा. आमच्या गावचा फौजी हाय. लढाईत पाय दिलाय त्यानं. दिवाळीच्या आधी सत्कार करायचाय."

शेठजींनी मला काढले. मी फुगून गेले.

सत्कार वसुबारसेच्या आदल्या दिवशी शाळेच्या ओट्यावर झाला. सगळे गाव लोटले होते. फौजीचे नाव गहिनीनाथ. वय सत्तावीस. गेल्या डिसेंबरातल्या लढाईत सुरुंगावर पाऊल पडले आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात सात महिने काढून तो काखेत कुबडी घेऊन गावी परतला होता. घरात म्हातारी आई भागूबाई, तिसरे कुणी नाही. पेन्शनचा कागद कुठल्याशा टेबलावर अडकून बसला होता. पण गावाला वाटे, सरकार याला घरपोच सगळे देते.

आबासाहेबांनी भाषण केले. मनापासून केले, त्यात खोटे काही नव्हते. "मंडळी, दुष्काळ हाय, पन गावानं हात आखडला न्हाई. घरटी पसाभर बाजरी गोळा केली, ती इकून ही शाल आनली. एक घर सुटलं न्हाई. खुद्द भागूबाईनंबी पसाभर बाजरी घातली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागूबाई बायकांत पुढे बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला. दारात वर्गणी मागायला आलेल्या चारचौघांना ती रिकाम्या हाताने कशी पाठवणार? तिच्या मडक्यात त्यानंतर किती बाजरी उरली, हे मला तिच्या घरी गेल्यावर समजले.

गहिनीनाथच्या गळ्यात हार घातला आणि मला त्याच्या खांद्यावर. त्याचे खांदे हाडकुळे होते. मग त्याला दोन शब्द बोलायला सांगितले. तो कुबडीवर रेलून उभा राहिला आणि म्हणाला, "मला भाषान येत न्हाई. येकच मागनं हाय. माझा पाय गेलाय, हात शाबूत हायेत. उद्यापासून खडीवर माझं नाव हजेरीत घ्या. बसून फोडीन."

मग आबासाहेब उठून मोठ्याने म्हणाले, "बघा, येवढा मोठा मानूस, पन नम्रता बघा!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ओट्यावरची कबुतरे उडाली. मीही खुशीत होते. मला वाटले, काय छान बोलला!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरोखरच खडीवर गेला. आईने हट्टाने मला त्याच्या खांद्यावर टाकले होते. उन्हात रांगेने माणसे बसून दगड फोडत होती. त्याला बघताच रंगनाथ मुकादम उठून उभा राहिला. कालपर्यंत तो याला 'ए गहिन्या' म्हणत असे. आज हात जोडून म्हणाला, "या फौजी. सावलीत बसा. पानी देऊ का?"

"पानी नको, हातोडा दे. आनि नाव लिही."

"काय बोलता! तुमच्या हातात हातोडा दिला तर गावाच्या तोंडाला काळं लागंल. कालच सत्कार केला आन् आज खडी फोडायला लावली, म्हनतील लोक."

"रंगनाथ, घरात दाना न्हाई."

रंगनाथ हसला. त्याला ती थट्टा वाटली. "सरकारचा जावई तुमी, तुमच्या घरात दाना न्हाई?" आणि मग त्याने आणखी एक मान दिला. भागूबाई त्याच कामावर पाटी उचलत असे. त्याने हजेरीतून तिचे नाव काढून टाकले. "वीरमातेनं पाटी उचलायची न्हाई. घरी बसा, आजी." हे त्याने वहीत रेघ मारता मारता इतक्या प्रेमाने सांगितले की भागूबाईने हातातली पाटी खाली ठेवली.

मित्रांनो, तुम्हाला या रेघेचा अर्थ सांगायला हवा. कामावर असणाऱ्यालाच मजुरी मिळे आणि कामावर असणाऱ्यालाच दुपारी सुकडी मिळे. सुकडी म्हणजे दुष्काळात सरकार वाटत असे तो गोडसर, भरडलेला खाऊ. त्याच मुठीवर त्या वर्षी हजारो माणसे जगली. नाव गेले, की मूठ गेली.

दिवाळी आली. शेजारणीने एकदा भाकरी फडक्यात बांधली होती. तिच्या नवऱ्याने तिला दारातच अडवले. "फौजीच्या घरी भाकरतुकडा नेतात व्हय? अपमान व्हईल त्यांचा." हे बोलणे कुडातून ऐकू आले. भागूबाईने चुलीत काड्या घालून धूर केला, म्हणजे स्वयंपाक चालला आहे असे बाहेर वाटावे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याच्या गळ्यात आठवड्यापूर्वी हार पडला, त्याच्या आईने हात कसा पसरायचा? मायलेकांनी बाभळीच्या शेंगा उकडल्या, तरवडाचा पाला शिजवला. मी खुंटीवर लटकत होते. माझी किनार चुलीच्या उजेडात चमकायची आणि मला तिची लाज वाटायची.

एके दिवशी गहिनीनाथ मला घेऊन बाजारगावच्या वाण्याकडे गेला. "ही ठेवून घ्या, चार पायली बाजरी द्या." वाण्याने माझ्याकडे पाहिले, मला कपाळाला लावले आणि परत त्याच्या हातात दिले. "सत्काराची शाल मी गहाण ठिवली तर देव मला माफ करनार न्हाई." बाजरी मात्र त्याने दिली नाही.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि मायलेकांनी गाव सोडले. कुणाला न सांगता, पहाटे. भागूबाई चार पावले चालली की बसे. तीन दिवसांनी ती दोघे बारा कोसांवरच्या एका पाझर तलावाच्या कामावर पोचली. तिथल्या मुकादमाचे नाव आसाराम. त्याने कुबडीकडे बघून विचारले, "पाय कशानं गेला?"

गहिनीनाथने मला घडी करून बोचक्यात आधीच दडवले होते. तो म्हणाला, "गुऱ्हाळात. चरकात सापडला."

"आरारा. मग बस त्या ढिगापाशी. म्हातारीचंबी नाव लिहितो, तिला हलकं काम देतो. आधी सुकडी खा जा."

एवढे सोपे होते ते! देशासाठी पाय गेला म्हणून जे मिळाले नाही, ते चरकात गेला म्हणताच मिळाले. मी बोचक्यात होते, म्हणून माझा रंग उडालेला कुणाला दिसला नाही.

डिसेंबरच्या सात तारखेला जवळच्या शाळेतले एक गुरुजी कामावर आले. गळ्यात डबा, हातात कागदी झेंडे. ते रांगेतून फिरत म्हणत होते, "ध्वजदिन आहे. जवानांसाठी द्या. आपल्यासाठी हातपाय गमावलेत त्यांनी." गहिनीनाथपाशी आल्यावर मात्र ते थांबले. हळूच म्हणाले, "तू राहू दे बाबा. तुझंच अवघड दिसतंय. जेवलास का?"

गावी परतल्यापासून त्याला हे कुणीच विचारले नव्हते. त्याने मान खाली घातली. कनवटीचे नाणे काढून डब्यात टाकले. "असू द्या गुरुजी. जवानांसाठी हाय ना." गुरुजींनी त्याच्या सदऱ्याला झेंडा टोचला आणि पुढे गेले. तो संध्याकाळपर्यंत खडी फोडत राहिला. झेंड्याचा कागद घामाने ओला झाला.

आता पुढचे सांगायला मला जड जाते. भागूबाईच्या पोटात तीन आठवडे धड अन्न नव्हते. सुकडी आली, पण ती पोटात ठरेना. थंडी वाढली. पाचटाच्या कोपीत, मजुरांच्या त्या इवल्या झोपडीत, गहिनीनाथने मला बोचक्यातून काढून आईच्या अंगावर घातले, दुहेरी करून घातले. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण ऊब माझ्यात विणलेलीच नव्हती. वारा माझ्यातून आरपार जात होता आणि मला कापड बाजारातल्या त्या वासाच्या घोंगड्या आठवत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे कामावर असताना, माझ्याखाली ती म्हातारी थरथरायची थांबली.

निरोप बोरमाळला गेला. आबासाहेब, रंगनाथ आणि आणखी पाच-सहाजण धावत आले. येताना झेंडूचा मोठा हार घेऊन आले होते. आबासाहेब हमसून हमसून रडत होते. गहिनीनाथच्या खांद्याला धरून म्हणाले, "गहिन्या, लेकरा, आमी काय मेलो हुतो का? येक शब्द बोलला का न्हाईस रं?"

गहिनीनाथच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तो म्हणाला, "बोललो हुतो, आबा. शाळेच्या ओट्यावर, समद्यांसमोर. तुमी टाळ्या वाजवल्या."

आबासाहेबांचा हात खाली आला. रंगनाथ तिथेच मातीत बसला. तो हार प्रेतावर घालायचे कुणाला धाडस झाले नाही. आसाराम मुकादमाने चार मजूर बोलावले, त्यांनी खांदा दिला. बोरमाळची माणसे मागून चालत गेली.

गहिनीनाथ पुन्हा गावी गेला नाही. तलावाचे काम झाले, मग दुसऱ्या कामावर गेला, मग तिसऱ्या. माझ्या फाडून पट्ट्या केल्या त्याने. एक कुबडीच्या डोक्याला गुंडाळली आहे, काख सोलू नये म्हणून. उरलेली मी, आईच्या अंगावरचा तेवढा तुकडा, त्याच्या बोचक्यात असते. मला राग येत नाही. खांद्यावर मिरवले तेव्हापेक्षा काखेत दबून मी जास्त कामाची आहे.

मित्रांनो, सण जवळ आला की तुमच्या गावातही वर्गणी निघेल, हार येतील, माझ्यासारखी एखादी शाल विकत आणली जाईल. आणा, मी नको म्हणत नाही. पण ज्याच्या खांद्यावर ती घालायची, त्याच्या घरी आदल्या दिवशी एकजण जा. चुलीपाशी बसा. मडके उघडून बघा. आणि ओट्यावर उभा राहून तो काही मागू लागला, तर कृपा करून हात गुडघ्यांवर ठेवा आणि त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका.