डाव्या बाजूचं अपेंडिक्स

उत्कर्षाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिच्या आईने, पद्माताईंनी, पहिलं काम कोणतं केलं असेल, तर बडोद्याच्या हरणी भागातल्या आपल्या सोसायटीत ते अपेंडिक्सचं आहे असं सांगून टाकलं. चोवीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई ही! पण लेबियाप्लास्टी हा शब्द चारचौघांत काढायचा कसा?

उत्कर्षाला असला संकोच नव्हता. तिच्या योनीच्या आतल्या पाकळ्या लांब होत्या, सायकलच्या सीटवर घासून त्या सोलवटायच्या. तीन वर्षं तिने मलमं लावली, सीटा बदलल्या आणि शेवटी एकटीच जाऊन डॉक्टर नीरजांना भेटली. पाकळ्या प्रत्येकीच्या वेगळ्याच असतात, दिसण्यापायी कापू नकोस, असं डॉक्टरांनी आधी बजावलं. दुखतं म्हणून आलेय, ही म्हणाली. तिला पुन्हा सायकलवर बसायचं होतं, बाकी काही नको होतं.

ऑपरेशन दीड तासाचं, संध्याकाळी घरी. सूज येणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी ती पाहून पद्माताईंचाच धीर सुटला. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, लघवीनंतर कोमट पाणी, सैल सुती गाउन, सगळं पोरीने वेळच्या वेळी केलं. टाके आपोआप विरघळणारे होते, पण खाज जीव नकोसा करी. तरी तिने कुरकुर केली नाही. आपल्या पोटी ही कुठून आली, याचं पद्माताईंना मनापासून कौतुक वाटे.

पाचव्या दिवशी शेजारच्या चारुलताबेन मुगाचं पाणी घेऊन खबर काढायला आल्या. बडोद्यात कुणी आजारी आहे आणि शेजारी खबर काढायला आले नाहीत, असं होतच नाही. टाके कुठे आहेत, त्यांनी विचारलं. पद्माताईंनी ठामपणे पोटाच्या डाव्या बाजूला हात लावला. चारुलताबेनचं स्वतःचं अपेंडिक्स उजवीकडून काढलेलं होतं. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या पोटाच्या उजव्या बाजूला गेला.

उत्कर्षाला इतकं हसू आलं की टाके ओढले गेले. मग तिने चारुलतामासींना शेजारी बसवलं आणि कुठे कापलं, का कापलं, सहा आठवडे सायकल आणि गरबा कसा बंद, सगळं सरळ सांगितलं. पद्माताई मान खाली घालून ऐकत होत्या. चारुलताबेननी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

“सारुं कर्युं, दीकरा, चांगलं केलंस,” त्या म्हणाल्या.

सहा आठवड्यांनी डॉक्टर नीरजांनी तपासलं. जखम छान भरली होती, उरलीसुरली सूज काही महिन्यांत जाणार होती. हळूहळू सायकल सुरू कर, त्या म्हणाल्या. उत्कर्षा मैत्रिणीला फोन करायला बाहेर धावली.

पद्माताई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. अठराव्या वर्षी वडिलांनी घेऊन दिलेली सायकल त्यांनी दोन महिन्यांत धाकट्या भावाला देऊन टाकली होती. तोल जमत नाही, असं घरी सांगितलं होतं.

“डॉक्टर, मलाही तिथेच दुखतं,” त्या म्हणाल्या. “अजून स्कूटरवर मागे तिरकीच बसते. चोपन्नाव्या वर्षी तपासता येईल का?”