कालिंदीबाईंचा ड्रॉइंग बोर्ड

मित्रांनो, माझ्या अंगावर पिनांची इतकी भोकं आहेत की मोजणाऱ्याला कंटाळा येईल. एका कोपऱ्यात इस्त्रीचा काळा डागही आहे. तरीही मी ताठ मानेनं सांगतो, मी देवदार लाकडाचा ड्रॉइंग बोर्ड आहे आणि या वयातही कामावर आहे.

पैठण गेटजवळ रामकिसन मिस्त्रींचं दुकान होतं. तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. मिस्त्रींनी माझ्या पट्ट्या उन्हात चांगल्या मुरवल्या, एकमेकींत घट्ट बसवल्या आणि पृष्ठभाग असा घासला, की त्यावरून हात फिरवला तर कुठंच अडत नसे. मला विकत घेतलं अनंतरावांनी. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्राचा एकेक भाग ते आधी माझ्यावरच्या कागदावर काढत आणि मगच तो लोखंडात उतरे. घरीही त्यांचं काम चाले. "रेषा काढायची तर एकदाच," असं ते म्हणत. त्या रेषांना मी आधार दिला, याचा मला अभिमान आहे.

पुढे कारखान्यात संगणक आले. अनंतराव निवृत्त झाले आणि मी कपाटामागे गेलो. आठवड्यातून एकदा त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई मला बाहेर काढत, माझ्यावर चादर अंथरत आणि इस्त्री करत. तो डाग तेव्हाचाच. मला वाईट वाटे, पण घराला उपयोग होतोय एवढ्यावर मी समाधान मानलं.

एके दिवशी देवगाव रंगारीचे कडूबा नावाचे शेतकरी अनंतरावांना शोधत आले. अद्रकाच्या पिकाला मातीचा भर लावायचं एक अवजार त्यांनी स्वतः तयार केलं होतं. त्यावर पेटंट मिळवायचं होतं आणि त्यासाठी चित्र हवं होतं. अनंतरावांची सून कालिंदी तिथंच बसली होती. ती विज्ञानाची पदवीधर, एका शाळेत शिकवत असे. तिनं पुण्याच्या एका पेटंट एजंटला फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "हे अवजार आधी कुणाला विकलंय का?"

"व्हय, दोन हंगाम झाले इकतोय की बाजारात," कडूबा कौतुकानं म्हणाले.

मग पेटंट मिळणं कठीण, असं उत्तर आलं. एखादी नवी वस्तू उघडपणे बाजारात आली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. आधी अर्ज करायचा, मग विकायचं.

कडूबांनी अवजार पुन्हा पोत्यात गुंडाळलं. "आमच्याकडं आसं सांगणारं माणूसच नाय, ताई," एवढंच बोलून ते उठले.

ते वाक्य कालिंदीच्या मनातून जाईना. तिनं चौकशी केली. पेटंट एजंट व्हायला वकिलीची पदवी लागत नाही, विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची चालते. सरकारी परीक्षा द्यावी लागते. पहिला पेपर कायद्याचा. दुसऱ्यात एखाद्या शोधाचं वर्णन आणि त्यावरचे हक्क, म्हणजे दावे, लिहायचे. शेवटी तोंडी परीक्षा.

कायदा तिनं झपाट्यानं पाठ केला. दुसरा पेपर मात्र जमेना. तेव्हा अनंतरावांनी मला कपाटामागून ओढून काढलं, पुसलं आणि कागद लावला.

"तू वर्णन लिही. तू लिहिशील तेवढंच मी काढणार," ते म्हणाले.

तिनं छत्रीचं वर्णन लिहून आणलं. एक दांडा आणि त्याच्या टोकाला जोडलेल्या बारीक काड्या. अनंतरावांनी गंभीरपणे दांडा काढला, काड्या काढल्या आणि कागद तिच्यापुढे धरला.

"बाबा, हा खराटा आहे!"

"तू लिहिलंस तेच आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं 'लाकडी दांडा' असा दावा लिहिला. त्यांनी लोखंडी दांडा काढून दाखवला. "बघ, तुझ्या दाव्याच्या कुंपणाबाहेरून निघून गेलो. आता कोर्टात तू माझं काही करू शकत नाहीस." दोघं पोट धरून हसली. इतक्या वर्षांनी माझ्या अंगात पुन्हा पिना शिरत होत्या आणि मी सुखावत होतो.

परीक्षेच्या अर्जाच्या वेळी नवाच पेच पडला. पदवीच्या प्रमाणपत्रावर कालिंदीचं माहेरचं नाव आणि बाकी सगळीकडे सासरचं. तिचे यजमान मधुसूदन कचेरीतून रजा काढून तिच्याबरोबर हिंडले आणि नावबदलाची कागदपत्रं मुदतीत जोडली गेली. पण एवढं करून दुसऱ्या पेपरात ती थोडक्यात नापास झाली. ही परीक्षा काही दरवर्षी होत नाही. पुढची कधी होईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर्षांमागून वर्षं गेली. मधे महामारी आली. परीक्षेची जाहिरात निघाली, तोवर अनंतरावांचे हात थरथरू लागले होते. तरी ते हौसेनं माझ्यापुढे बसले. त्यांनी रेषा ओढली, ती वाकडी गेली. दुसरी ओढली, तीही तशीच. ज्या हाताची एकही रेषा मी वाकडी पाहिली नव्हती, तो हात त्यांनी मांडीवर ठेवला.

"माझ्याच्यानं आता होणार नाही, कालिंदी."

तिनं पुस्तक मिटलं. "जाऊ द्या बाबा. नाही देत मी परीक्षा."

सरोजिनीबाई शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातली साडी बाजूला ठेवली. "आणा ती पेन्सिल इकडं. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण ती सांगेल तसं काढायला काय जातंय?"

कालिंदी वाचू लागली, "डब्याला बिजागरीनं जोडलेलं झाकण..."

"थांब. बिजागरी कुठल्या बाजूला? आतून की बाहेरून?"

कालिंदीनं कागद पुन्हा वरपासून चाळला. ते तिनं लिहिलंच नव्हतं. अनंतराव एकदम ताठ बसले. "अगं, मला यंत्रं माहीत होती. तू लिहायला विसरायचीस ते मी नकळत भरून काढत होतो. हिला काही माहीत नाही, म्हणून हिनं घेतलेली परीक्षाच खरी!"

मग रोजचा नेमच झाला. सरोजिनीबाईंची वर्तुळं बटाट्यासारखी येत. पण कालिंदीचं वर्णन ऐकून त्यांचा हात कुठं अडला नाही, तरच अनंतराव ते पास करत. हळूहळू हात अडेनासा झाला.

मित्रांनो, कालिंदी दोन्ही पेपर उत्तीर्ण झाली! तोंडी परीक्षेत परीक्षकांनी समोरचा स्टेपलर पुढं सरकवला आणि वर्णन करायला सांगितलं. "मी डोळे मिटले आणि आई पेन्सिल घेऊन बसल्यात असं समजून बोलत गेले," तिनं घरी येऊन सांगितलं. सरोजिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अनंतराव कौतुकानं बायकोकडे बघत राहिले.

क्रांती चौकाजवळच्या एका खोलीत कालिंदीबाईंनी पाटी लावली आणि मला भिंतीशी मानाची जागा दिली. पहिल्या आल्या करमाडच्या द्वारकाबाई. त्यांनी पायानं दाबायचा कुरडईचा सोऱ्या बनवला होता. बचत गटांच्या प्रदर्शनात तो मांडायची त्यांना घाई होती.

"आठच दिस राह्यलेत, ताई."

"तोवर करू. पण अर्ज होईपर्यंत कुणाला दाखवू नका."

अनंतरावांचं बघून बघून चित्रकाम शिकलेल्या कालिंदीबाईंनी त्याचं चित्र संगणकावर नाही, माझ्यावर काढलं. द्वारकाबाई भीतभीत जवळ आल्या. "ह्यो माझा सोऱ्या व्हय? कागदावर लई रुबाबदार दिसतोय की!"

मुलांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं साधन कपाटामागे उभं असेल. त्याला बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, त्याच्याकडून काम घ्या. आणि तुमच्या डोक्यात काही नवं आलं, तर त्यालाही असंच जपा. न पाहिलेल्या माणसाला कळेल इतकं नीट लिहून ठेवा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अर्ज दाखल झाला आणि त्याचा क्रमांक आला. कालिंदीबाईंनी लगेच करमाडला फोन लावला.

"द्वारकाबाई, आता दाखवा साऱ्या जगाला!"